जोर नको, थांबायला शिका: आखडलेलं अंग हाताने मोकळं करताना

मान अवघडली की आपला हात न सांगता तिथे जातो. अंगठा रुततो, कळ येते, आणि आपण आणखी जोरात रुतवतो. दुसऱ्याचं अंग चेपतानाही तेच. "अजून जोरात?" असं आपण विचारतो आणि समोरचा दात आवळून "हं" म्हणतो.

शिकायला लागले तेव्हा मीही असंच करायचे. पहिल्याच महिन्यात वर्गातल्या एका मैत्रिणीच्या पोटरीवर मी कोपराने इतका भार टाकला की दुसऱ्या दिवशी तिथे काळंनिळं पडलं. पोटरी मात्र होती तशीच घट्ट. आमच्या शिक्षिका रागावल्या नाहीत. त्यांनी तिच्या दुसऱ्या पायाच्या पोटरीवर तळहात ठेवला आणि आमच्याशी बोलत राहिल्या. दोन-तीन मिनिटांनी मला म्हणाल्या, "आता हात लावून बघ." ती पोटरी सैल पडली होती. त्यांनी काय केलं हे मला दिसलंच नव्हतं, कारण दिसण्यासारखं फारसं काही नव्हतंच.

या पद्धतीला मायोफॅशियल रिलीज म्हणतात. मायो म्हणजे स्नायू आणि फॅशिया म्हणजे त्याभोवतीचं संयोजी ऊतकाचं आवरण. घरच्या माणसाच्या खांद्या-पाठीवर किंवा स्वतःच्या अंगावर ती सुरक्षितपणे कशी करायची, एवढंच इथे सांगते. जुनाट दुखण्यावरचे उपचार हा वेगळा विषय आहे.

हाताखाली नेमकं काय असतं

प्रत्येक स्नायूला, त्यातल्या तंतूंच्या प्रत्येक जुडग्याला आणि शेवटी एकेका तंतूलाही पातळ आवरण असतं. ते मुख्यतः कोलॅजन या चिवट प्रथिनाचं बनलेलं असतं, त्यात थोडं लवचीक इलॅस्टिन असतं. कंबरेत आणि तळपायात ते जाड, चिवट पट्ट्यासारखं होतं. त्याचे थर एकमेकांवरून सरकावेत म्हणून मध्ये हायल्युरोनिक आम्लाचं वंगण असतं. तासन्‌तास एकाच स्थितीत बसलं, दुखापतीनंतर एखादा भाग हलवलाच नाही किंवा शस्त्रक्रियेचा व्रण राहिला, की हे सरकणं कमी होतं आणि तो भाग ओढल्यासारखा वाटू लागतो.

सदऱ्याचा खालचा काठ कंबरेपाशी मुठीत धरून खाली ओढा आणि मग हात वर उचलून बघा. ताण खांद्यावर येतो, पण कारण मुठीत असतं. दुखणारी जागा आणि ओढणारी जागा वेगळी असू शकते, हे डोक्यात ठेवा. पुढे उपयोगी पडेल.

हाताच्या दाबाने आणि उबेने फॅशिया मेणासारखा मऊ होऊन ताणला जातो, असं पूर्वी सर्रास सांगितलं जायचं. अमेरिकेत आयडा रॉल्फ या जीवरसायनशास्त्रज्ञ बाईंनी दहा सत्रांची जी पद्धत बसवली आणि जी पुढे रॉल्फिंग म्हणून ओळखली गेली, तिच्यामागेही साधारण हाच विचार होता. २००८ साली काही संशोधकांनी गणिती प्रारूप मांडून हिशेब केला. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा किंवा तळपायाचा जाड फॅशिया नुसता एक टक्का दाबायचा म्हटला तरी लागणारा जोर माणसाच्या हाताच्या आवाक्याबाहेरचा निघाला.

मग सैल होतं ते काय? आज बहुतेक अभ्यासक मज्जासंस्थेकडे बोट दाखवतात. त्वचेत आणि फॅशियात दाब व ताण ओळखणारे मज्जातंतूंचे असंख्य टोकबिंदू असतात. त्यातले रुफिनी नावाचे बिंदू सावकाश, तिरप्या ओढीला प्रतिसाद देतात. धोका नाही असा निरोप वर गेला की स्नायूवरचा ताणाचा हुकूम सैल होतो. याउलट कळ आली की अंग स्वतःला आवळून घेतं. म्हणजे मी मैत्रिणीच्या पोटरीशी भांडत होते आणि पोटरी उलट भांडत होती. हे एकदा पटलं की गाठी "फोडायची" घाई आपोआप जाते. तशाही तिथे फोडण्यासारख्या गाठी नसतातच.

कोणाला हात लावायचा नाही

हा भाग वगळून पुढे जाऊ नका. ताप किंवा संसर्ग असेल, जखम उघडी असेल, हाड मोडलं असेल, सांधा सुजून गरम झाला असेल, तर हात लावायचा नाही. एकाच पायाची पोटरी सुजली असेल, लाल, गरम आणि दुखरी असेल, तर ती चोळायचीही नाही. शिरेत रक्ताची गुठळी असू शकते आणि ती सुटून फुप्फुसात गेली तर जिवावर बेतू शकतं. तिथे डॉक्टर, तेही ताबडतोब. रक्त पातळ करणारी औषधं चालू असलेले, हाडं ठिसूळ झालेले, बरेच दिवस स्टेरॉइड घेतलेले, कर्करोगाचे उपचार चालू असलेले, रक्तदाब आटोक्यात नसलेले आणि मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झालेले यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. गरोदरपणात प्रशिक्षित हातच हवेत.

दुखण्याबरोबर हातापायात बधिरपणा किंवा अशक्तपणा असेल, रात्री झोपेतून उठवणारं दुखणं असेल, कारण नसताना वजन घटत असेल, तर स्नायू सोडा आणि तपासणी करा. पाठदुखीबरोबर मांड्यांच्या मध्ये बधिरपणा आला किंवा लघवी-शौचावरचा ताबा गेला तर दुसऱ्या दिवसाची वाट बघायची नाही, तडक रुग्णालय गाठायचं. छातीतून डाव्या हाताकडे किंवा जबड्याकडे जाणारी कळ हे खांदा चेपून घेण्याचं निमित्त नव्हे.

निरोगी माणसाच्या अंगावरही काही जागा सोडायच्या: गळ्याची पुढची आणि बाजूची बाजू, काख, कोपराची आतली घडी, जांघ, गुडघ्यामागचा खळगा. तिथे रक्तवाहिन्या आणि नसा उथळ असतात. मणक्यांच्या टोकांवर थेट दाब द्यायचा नाही. शेवटच्या बरगड्यांखाली, मूत्रपिंडांच्या जागीही नाही.

आधी हात शिकतात

दुसऱ्याच्या पाठीला हात लावण्याआधी चार दिवस स्वतःच्या हातावर सराव करा. कंटाळवाणा वाटेल, पण सगळं कसब इथेच आहे.

डाव्या हाताच्या पाठीवर उजवी दोन बोटं ठेवा आणि त्वचा सरकवा. ती सहज सरकते. मग तळहातावर तेच करा. तिथे सरकणं फारच कमी, कारण त्वचा खालच्या फॅशियाला घट्ट जोडलेली असते. आता मनगट आणि कोपर यांच्या मधल्या भागावर बोटं ठेवा. बोटं त्वचेवरून घसरू न देता त्वचेसकट हलवा: कोपराकडे, मनगटाकडे, उजवीकडे, डावीकडे. एका दिशेला ती लवकर अडते, दुसऱ्या दिशेला जरा जास्त जाते. जिथे किंचित अडकल्यासारखं होतं त्याला मी पहिला अटकाव म्हणते. सगळं काम या अटकावापाशी चालतं. तो ओलांडायचा नसतो.

मग दाब थोडा वाढवा, मूठ वळा आणि सोडा. बोटांखाली फुगला तो स्नायू. आता डोळे मिटून त्वचा, तिच्याखालचा मऊ थर आणि त्याखालचा स्नायू असे तीन थर वेगवेगळे ओळखता येतात का बघा. पहिल्या दिवशी नाही येणार. चौथ्या दिवशी येतील.

तयारी

तेल लावायचं नाही, फार तर तळहातावर नावापुरतं. मालिशीत हात घसरायला हवा, इथे त्वचेला पकड हवी. अंगात पातळ सुती कपडा असला तरी चालतो. नखं कापलेली, हात कोमट, खोलीत गारवा नको.

समोरच्याला आधी विचारा: कुठे हात लावलेला चालेल, कुठे नको. थांब म्हटलं की हात लगेच उचलला जाईल, हेही सांगून टाका. मग आकड्यांची भाषा ठरवा. शून्य म्हणजे काहीच नाही आणि दहा म्हणजे असह्य. आपल्याला पाचच्या वर जायचं नाही. माणसं भिडेपोटी कमी आकडा सांगतात, म्हणून चेहरा आणि श्वास बघत राहा. श्वास रोखला, कपाळावर आठ्या आल्या, पायाची बोटं वळली, की आकडा काहीही सांगितलेला असो, दाब कमी करा.

स्वतःच्या हातांचंही बघा. नवशिक्या माणूस सगळं काम अंगठ्याने करतो आणि महिन्याभरात अंगठ्याच्या मुळाशी दुखणं घेऊन बसतो. तळहात, मुठीचा सपाट भाग किंवा कोपराखालचा मांसल भाग वापरा. कोपर जवळपास सरळ ठेवून शरीराचं वजन पुढे झुकवा, खांद्याने ढकलू नका. तुम्ही दमत असाल तर जोर लावताय.

पहिला प्रयोग: खांदा आणि वरची पाठ

सुरुवात इथूनच करा. बहुतेकांचं हेच आखडलेलं असतं आणि फरकही लवकर कळतो.

समोरच्याला टेबलाकडे तोंड करून खुर्चीवर बसवा. टेबलावर उशी आणि उशीवर कपाळ. त्याआधी ताठ बसवून मान उजवीकडे आणि डावीकडे वळवायला सांगा. हनुवटी कुठपर्यंत जाते आणि कुठे ओढ लागते ते लक्षात ठेवा. ही नोंद नसेल तर नंतर "बरं वाटतंय" एवढंच हाती लागतं.

दोन्ही तळहात पाठीवर नुसते टेकवा आणि तीन-चार श्वास काहीही करू नका. हात हलवायची खुमखुमी येईल, येऊ द्या.

मग एक बाजू घ्या, समजा उजवी. एक तळहात मान आणि खांदा यांच्या मधल्या उतारावर आणि दुसरा खवाट्याच्या (खांद्यामागच्या त्रिकोणी हाडाच्या) खालच्या टोकाजवळ, कण्यापासून दोन बोटं लांब. दोन्ही हात आधी सरळ आत बसू द्या. थोडे बुडाल्यासारखे वाटले की त्यांना एकमेकांपासून दूर न्या, पण त्वचेवरून घसरवायचं नाही. पहिला अटकाव लागला की थांबा.

आणि खरंच थांबा. कमीत कमी ९० सेकंद, हात शांत असतील तर तीन ते पाच मिनिटं. घड्याळ समोर ठेवा, कारण नवख्या माणसाला २० सेकंदच दोन मिनिटांसारखे वाटतात. पहिल्या मिनिटात बहुधा काहीच होत नाही. मग हाताखाली ऊब वाढते, किंचित थरथर जाणवते किंवा अटकाव केसभर पुढे सरकतो. तो सरकला की हातानेही तेवढंच पुढे जायचं आणि नव्या अटकावापाशी पुन्हा थांबायचं. तो नेईल तिकडे जायचं, आपण ओढायचं नाही. समोरच्याच्या तोंडून मोठा उसासा निघाला तर समजा, जमतंय.

यानंतर खांद्याच्या उतारावरचा स्नायू, म्हणजे वरचा ट्रॅपेझियस. तो खाली दाबण्यापेक्षा अंगठा आणि चार बोटं यांत सैलसर धरून किंचित वर उचला. बोटांमध्ये दोरीसारखा ताठ पट्टा लागेल आणि त्यावर एखादा बिंदू विशेष दुखरा असेल. हा ट्रिगर पॉइंट. जॅनेट ट्रॅव्हेल या अमेरिकन डॉक्टर बाईंनी अशा बिंदूंचे आणि त्यांच्यापासून लांब पोचणाऱ्या वेदनेचे तपशीलवार नकाशे तयार केले. राष्ट्राध्यक्ष केनेडींच्या पाठदुखीवर उपचार करून पुढे त्यांच्या वैद्य झाल्या त्या याच. वरच्या ट्रॅपेझियसमधला बिंदू धरला की कळ मानेच्या बाजूने कानामागे, कधी थेट कानशिलात जाते. "अरे, माझं डोकं इथूनच दुखतं!" असं कोणी म्हणालं तर नवल नाही. सदऱ्याची गोष्ट आठवा.

तो बिंदू चार-पाच आकड्याइतकाच धरून ठेवा. ३० ते ६० सेकंदांत आकडा निम्म्यावर येतो. मिनिटभरात उतरला नाही तर सोडून द्या. हट्टाने दाबत बसलात तर दुसऱ्या दिवशी तो दुप्पट बोंबलेल.

खवाट्याचा वरचा, कण्याकडचा कोपरा चाचपा. खवाटा वर उचलणाऱ्या लेव्हेटर स्कॅप्युली या स्नायूचं खालचं टोक तिथे असतं. एका बाजूला मान वळवताना जी अडते, त्यात बऱ्याचदा याचा हात असतो. इथे मुठीचा सपाट भाग ठेवून हलका भार द्या आणि समोरच्याला मान अगदी सावकाश पुढे झुकवायला आणि परत आणायला सांगा, तीन-चार वेळा. हाताने ओढण्यापेक्षा त्याच्याच हालचालीने काम चांगलं होतं.

शेवटी त्याला पाठीवर झोपवा. डोक्याच्या बाजूला बसून दोन्ही हातांची बोटं कवटीच्या मागच्या काठाखाली, मान सुरू होते तिथल्या मऊ जागी टेकवा आणि डोकं बोटांवर विसावू द्या. डोक्याचं वजन साडेचार-पाच किलो असतं, तेवढा भार पुरे. मान ओढायची नाही, वळवायची नाही, "कट" असा आवाज काढायचा प्रयत्न तर मुळीच नाही. मानेतल्या धमन्यांना इजा झाली तर परिणाम भयंकर असतात. दोन-तीन मिनिटं नुसती बोटं. चक्कर, मळमळ किंवा डोळ्यांपुढे अंधारी आली तर लगेच थांबा.

आता पुन्हा ताठ बसवून मान वळवायला सांगा आणि आधीच्या नोंदीशी ताडून बघा. मग दुसरी बाजू. हे सगळं मिळून अर्धा-पाऊण तास. पहिल्या दिवशी याहून जास्त नको.

एकटे असाल तर

भिंत आणि टेनिसचा चेंडू पुरेसा आहे. चेंडू खवाटा आणि कणा यांच्या मधल्या मांसल भागात ठेवून भिंतीला टेका, दुखरी जागा सापडली की घरंगळत राहू नका, थांबा. तोच नियम: पाचपर्यंतचा आकडा, मिनिटभर, मग हात हळूहळू वर-खाली. जमिनीवर झोपून करण्यापेक्षा भिंत बरी, कारण पावलं मागेपुढे करून दाब कमीजास्त करता येतो. नितंबातल्या स्नायूंनाही भिंतीवर हेच चालतं. पायात मुंग्या आल्या तर चेंडू हलवा, तिथून मोठी नस जाते.

तळपायासाठी उभं किंवा बसून चेंडू पायाखाली घ्या, टाचेपासून बोटांच्या मुळांपर्यंत अगदी सावकाश. सकाळी उठल्यावर पहिलं पाऊल टाकताना टाचेत कळ येत असेल तर पोटरीलाही वेळ द्या, नुसता तळवा रगडून भागत नाही.

फोम रोलर, म्हणजे अंगाखाली घेऊन घरंगळायचं फोमचं नळकांडं, त्याबद्दल माझं एक मत आहे. मांडीच्या बाहेरच्या बाजूचा पट्टा रोलरवर दात-ओठ खात घासणारी माणसं बघितली की मला मैत्रिणीची ती पोटरी आठवते. तो पट्टा तसा लांबत नाही. त्याला वरून ताणणारे स्नायू खुब्यावर आणि नितंबात आहेत, वेळ तिकडे घालवा.

नंतर

दुसऱ्या दिवशी अंग थोडं दुखणं साहजिक आहे, २४ ते ४८ तासांत ते जातं. काळंनिळं पडलं तर दाब जास्त झाला. अंगातली विषारी द्रव्यं बाहेर पडतात म्हणून भरपूर पाणी प्या, असं तुम्हाला कोणीतरी सांगेलच. तहान लागली तर जरूर प्या, पण चेपण्याने विषारी द्रव्यं बाहेर पडत नाहीत. ते काम यकृत आणि मूत्रपिंडं रोजच करत असतात.

मिळालेला मोकळेपणा मात्र लगेच वापरायला हवा. हाताने आलेली सैलता बऱ्याचदा थोड्याच वेळाची असते. उठल्यावर पाच-दहा मिनिटं चाला, खांदे गोल फिरवा, हात डोक्यावर न्या. पुन्हा त्याच खुर्चीत त्याच स्थितीत तीन तास बसलात तर सगळं परत जागेवर. खांद्याच्या स्नायूंना बळ देणारा व्यायाम नसेल तर दर आठवड्याला तेच चेपत बसावं लागतं. आठवड्यातून एक-दोनदा पुरे, एकाच जागेवर रोज नको.

प्रशिक्षित व्यक्तीकडे जायचं ठरवलंत तर पहिल्या भेटीत ते किती प्रश्न विचारतात याकडे लक्ष द्या. आजार, औषधं, जुन्या दुखापती काहीही न विचारता थेट हात लावणाऱ्याकडून उठून यावं. "एकाच बैठकीत कायमचं" असं सांगणाऱ्याकडूनही. कपडे किती काढायचे हे तुम्ही ठरवायचं, आणि मधेच थांबवायला कारण द्यावं लागत नाही.

एक वही ठेवा. तारीख, कोणती बाजू, मान आधी कुठपर्यंत वळली, नंतर कुठपर्यंत, दुसऱ्या दिवशी कसं वाटलं, एवढंच. तीन-चार वेळा करूनही त्या ओळी सारख्याच दिसत असतील तर जागा चुकतेय किंवा कारण स्नायूत नाही. तेव्हा वही घेऊन फिजिओथेरपिस्टकडे जा. त्यांना त्या नोंदींचा तुमच्या वर्णनापेक्षा जास्त उपयोग होतो.